दाराशी दिलेला शाप

आमच्या घरात शिव्याशाप नव्हते. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, लहानपणी मला त्याची चक्क लाज वाटायची. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या आमच्या ओळीत सगळ्या आया दिवसभर पोरांना मनसोक्त शाप देत असत. शेजारच्या सखूमावशी कासुर्डीच्या, त्यांच्या तोंडाला तर खळच नव्हता. "मुडदा बशिवला तुझा, भाकर खाऊन जा की रं!" असं त्या ओरडल्या की त्यांचा पोरगा दात काढत यायचा आणि त्यांच्या पाठीला टेकून भाकरी खायचा. माझी आई फार तर "फार शहाणी आहेस" एवढंच म्हणायची, तेही अगदी कडेलोट झाल्यावर. आपल्या आईचं आपल्यावर जरा कमीच प्रेम आहे असा माझा बरीच वर्षं समज होता.

सखूमावशींचा आवाज भिंतीपलीकडून आला की बाबांचा घास हातातच राहायचा. ते डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे आणि मग जेवायला लागायचे. "अहो, मायेनं बोलते ती," आई म्हणायची. "मायेनं बोलली तरी शब्द तोच ना," बाबा म्हणायचे. बाबा मालगाडीवर गार्ड होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजोबा अलिबागकडचं गाव सोडून रेल्वेच्या नोकरीमागे देशावर आले आणि दौंड जंक्शनला टेकले. एके काळी दौंडात आमची बरीच घरं होती. मला कळायला लागलं तोवर कोणी मुंबईला, कोणी इस्राएलला गेलं होतं आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती. त्यांच्यात सणावाराला ग्रंथ वाचण्याचं काम बाबांकडे असायचं, कारण त्यांचा हिब्रू उच्चार स्वच्छ होता आणि दुसरं कोणी पुढं येत नव्हतं.

शापाबद्दल बाबांची शिकवण पक्की होती, आणि ती त्यांच्या मनची नव्हती, आमच्या धर्माचीच होती. शाप द्यायला साधुसंत लागत नाहीत. अगदी साध्या माणसाच्या तोंडून निघालेला शापसुद्धा हलका मानायचा नाही. बहिऱ्याला शाप द्यायचा नाही, कारण त्याला ऐकू आलं नाही तरी शब्द निघालेला असतोच. स्वतःलाही द्यायचा नाही. आणि अमक्यानं अमुक केलं असेल तर त्याचं तमुक होवो, असा अटीचा शाप तर सगळ्यांत वाईट, कारण आपण डोळे मिटून दगड भिरकावलेला असतो. त्यासाठी ते शुक्रवारी जेवण झाल्यावर याकोबाची गोष्ट सांगायचे. याकोब सासऱ्याच्या घरून बायकामुलं घेऊन निघाला. त्याच्या लाडक्या राहेलने निघताना वडिलांच्या घरातल्या मूर्ती उचलून आणल्या होत्या आणि याकोबाला त्याचा पत्ता नव्हता. सासरा मागावर आला, चोरीचा आळ घेतला, तेव्हा याकोब तडकाफडकी बोलून गेला, की ज्याच्याकडे त्या सापडतील तो जगणार नाही. मूर्ती काही सापडल्या नाहीत. पण पुढे वाटेतच राहेल बाळंतपणात गेली.

"मग चूक कोणाची, दादा? राहेलची का याकोबाची?" मिल्काआत्या दरवेळी विचारायची.

"जिभेची," बाबा दरवेळी सांगायचे.

"जीभ काय एकटीच हिंडते होय?" असं म्हणून ती ताटं उचलायची. बाबांना उलट बोलायची मुभा घरात तिच्या एकटीला होती.

वर्षातून एकदा वाचनात शापांचा तो लांबलचक भाग यायचा. आज्ञा पाळल्या नाहीत तर काय काय होईल त्याची यादीच असते ती: शेतात शाप, परातीत शाप, पोटच्या फळाला शाप. आमच्यात असा रिवाज आहे की हा भाग वाचताना आवाज खाली घ्यायचा आणि भरभर संपवायचं. वाचनाचा मान एरवी एकेकाला नाव पुकारून देतात, पण या भागाला कोणालाही पुकारत नाहीत. वाचणाऱ्यानेच तो स्वतःकडे घ्यायचा असतो. आमच्या बाहेरच्या खोलीत चार-सहा माणसं डोक्यावर टोप्या घालून बसलेली असत, बाबांचा आवाज हळूहळू खाली जायचा, इतका की यार्डातल्या शंटिंगचे धक्के आणि चाकं ठोकून बघणाऱ्या हातोड्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. पुन्हा आवाज चढला की आई सुटकेचा श्वास सोडून सरबत आणायला उठायची. शब्दांना एवढं भिणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. आता माझ्या मोबाइलवर माणसं सकाळच्या चहाआधी एकमेकांच्या खानदानाचं वाटोळं चिंततात आणि खाली हसरी तोंडं टाकतात. ते वाचताना मला बाबांचा तो खाली गेलेला आवाज आठवतो.

मिल्काआत्या बाबांची धाकटी बहीण. आजी गेल्यापासून ती आमच्याकडेच होती, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून. वरवंडच्या शाळेत ती गणित शिकवायची, सकाळच्या एसटीने जायची आणि संध्याकाळी खडूचा वास घेऊन परत यायची. मी तिच्याजवळ झोपायचे. शुक्रवारी ती भिगवणकडून आलेला रोहू स्वतः पारखून घ्यायची, खवले नसलेला मासा आम्हाला चालत नाही म्हणून कोळणीशी हुज्जत घालायची, मग नारळाच्या दुधातलं कालवण करायची आणि काळ्या मनुका कुस्करून प्रार्थनेसाठी सरबत गाळायची. नवीन वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा असायचा. नारळाच्या दुधात तो चीक घोटायला तास न् तास लागत आणि हात थांबला की गुठळी होते. आई दमली की आत्या पदर खोचून बसायची आणि घोटता घोटता मला पाढे म्हणायला लावायची. मला अजून सतराचा पाढा म्हणताना नारळाचा वास येतो. पुण्यात मी तो हलवा मिक्सर आणि नॉनस्टिकवर पुष्कळदा केला, बरा होतो. पण पाढे म्हणवून घ्यायला कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला हलवा नकोच असतो, ती हवी असते.

तिच्या शाळेत निवृत्तीसर म्हणून विज्ञानाचे शिक्षक होते. मूळचे कवठे येमाईचे, धनगर, आजोबांच्या काळातच मेंढरं विकून घर शेतीला लागलेलं. एका रविवारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले आणि अर्धा तास खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायले. बाबांनी सगळी विचारपूस केली, कांद्याचा भाव विचारला, दारापर्यंत पोचवायला गेले. ते गेल्यावर म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण मिल्का, आपण दौंडात उरलो तरी किती?"

"म्हणून मी मोजदादीसाठी राहू का?" आत्या म्हणाली. बाबा ताटावर जाऊन बसले. त्या घरातलं ते पहिलं न बोललेलं जेवण. पुढे सरांची बदली शिरूरला झाली आणि विषय मिटला असं बाबांनी धरलं.

आता त्या शुक्रवारचं सांगते. आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला एक मेझुझा होता. मेझुझा म्हणजे बोटाएवढी डबी, आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना असते. ती घराची आणि घरातल्या लेकरांची राखण करते असं आम्ही मानतो. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. आमची पितळेची होती, आजोबांनी कोकणातल्या घरावरून उतरवून आणलेली. त्या दिवसांत आमच्या क्वार्टर्समधून पितळेचे नळ चोरीला जात होते, भंगारात विकायला. बाबा ड्यूटीवरून दुपार कलताना आले, हातातली पेटी खाली ठेवली आणि सवयीने हात वर केला. तिथे दोन स्क्रूंची भोकं होती आणि रंग न उडालेली एक लांबट खूण. मी आत मनुका निवडत होते. बाबा बराच वेळ तसेच हात वर धरून उभे राहिले. मग मी त्यांचा जो आवाज ऐकला तो खाली गेलेला नव्हता. "माझ्या लेकरांच्या दारावरची राखण ज्यानं काढून नेली," ते म्हणाले, "त्याच्या दारात लेकरू खेळणार नाही!"

शेजारी सखूमावशी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या, त्यांचेही हात थांबले. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी "अहो थांबा, थांबा" म्हणत धावत आली. ती एका वाक्याने उशिरा पोचली. आत्या दुपारीच गेली होती. शिरूरला, निवृत्तीसरांशी नोंदणी लग्न करायला. तिने ते आईला सांगितलं होतं, आणि दादाला तू सांग, मला जमायचं नाही, असं म्हणून आईच्या गळ्यात पडून रडली होती. बाबांना हे कसं सांगायचं याची आई दुपारभर मनात जुळवाजुळव करत बसली होती.

"मिल्कानं नेलाय तो," आई म्हणाली.

बाबा उंबऱ्यावर बसले. दुसरा कोणी असता तर बहीण पळून गेली म्हणून ओरडला असता. बाबांनी तोंडावर हात ठेवला आणि तो काढेनात. त्या संध्याकाळी दिवे लागले, सरबत झालं, मासाही झाला, पण कोणी काही चवीने खाल्लं नाही. याकोबाची गोष्ट आमच्या घरात पुन्हा कधी सांगितली गेली नाही. सांगायची गरजच नव्हती, ती आमच्या दाराशी घडली होती.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं आत्याचं नाव घरात निघालं नाही. आई पुण्याहून नवा मेझुझा आणू म्हणाली तर बाबा म्हणाले, "नवा लावला म्हणजे ती गेली असं होईल." म्हणजे त्यांना राग होता आणि ती यायलाही हवी होती, आणि दोन्हींतलं एकही सुटत नव्हतं. ते दार तसंच बोडकं राहिलं. बाबा येता-जाता हात वर करायचे आणि मध्येच खाली घ्यायचे. मी रात्री आत्याच्या बाजूला, म्हणजे आता रिकाम्या बाजूला, पाठ करून झोपायचे. तिला भेटायला जाऊ का असं विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि मला तिची इतकी आठवण यायची की वरवंडची एसटी थांबली तरी शेवटचं माणूस उतरेपर्यंत मी तिथून हलायचे नाही.

मग एका सकाळी निवृत्तीसर दारात उभे. त्यांनी चपला बाहेर काढल्या पण आत आले नाहीत. "दादा, मी तुमचा कोन लागतो ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पयलं मूल पोटातच गेलं. आता सावा महिना हाय. डाक्टरनं हलायचंबी न्हाई म्हनून सांगितलंय. तुमी दाराशी काय बोलला ते सखूमावशींच्या भनीकडून तवाच शिरूरला आलं. मी सायन्सचा मास्तर, मला त्याचं काई वाटत न्हाई. पन ती आढ्याकडं बघत पडून ऱ्हाती. म्हनती, माझा दादा कवा बोलत न्हाई, आन् एकदा बोलला."

सर खाली बघत पुढे म्हणाले, "माझी आई धा देवांना जाऊन आली. आता ती म्हनती, ह्या गाठीला आपला देव चालायचा न्हाई. जेनं बांदली त्येनंच सोडाय पायजे."

आमच्यात अशी गाठ सोडायची रीत आहे. तोंडून निघून गेलेला शब्द तीन माणसांसमोर उभं राहून सोडवून घ्यायचा. ती तिघं आपल्यातली हवीत, फार शिकलेली नसली तरी चालतात. पण बोललेल्याला खरोखर पश्चात्ताप हवा, नुसतं म्हणून भागत नाही. बाबा त्याच दुपारी मोझेसकाकांकडे गेले. हे निवृत्त ड्रायव्हर, वाफेच्या इंजिनांनी त्यांचे कान पार घालवले होते, त्यामुळे त्यांच्याशी केलेली गुप्त बोलणी अख्ख्या दौंडाला कळत. त्यांचे वडील प्रार्थना चालवणारे होते म्हणून नियम त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध बोललास त्याच्यासमक्षच सोडवावं लागेल. ती येऊ शकत नाही? मग आपण जाऊ." दुसरा माणूस बुकिंग ऑफिसातला रुबेन. बाकीचे एव्हाना मुंबईला गेले होते, तिसरा दौंडात उरलाच नव्हता. मोझेसकाकांच्या तरुणपणी फलाटावरच्या चहाच्या टपरीवर हाक मारली तरी तीन मिळाले असते, असं ते वाटभर सांगत होते. शेवटी त्यांचे मेहुणे पुण्याहून पॅसेंजरने आले आणि रविवारी आम्ही सगळे जीप करून निघालो. भीमेचा पूल, उसाच्या गाड्या, मग न्हावऱ्यावरून घोडनदी. जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणत. आईच्या मांडीवर डबा होता, त्यात हलवा.

दोन खोल्यांचं घर होतं. दाराच्या उजव्या चौकटीला आमचा पितळी मेझुझा, शेजारी लिंबू-मिरची. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात न लावता आत गेले. आत्या खाटेवर पडलेली, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावलेल्या, त्यामुळे ती डोक्याकडे घसरल्यासारखी दिसत होती. किती वाळली होती! मला पाहून तिने नुसता हात पुढे केला. मी तो धरून खाली बसले आणि सोडला नाही. शाळेतून आणलेल्या तीन खुर्च्यांवर ती तीन माणसं बसली, टोप्या नीट केल्या. सरांची आई उंबऱ्याजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाबा मध्ये उभे. गार्डाचा गणवेश घातलेल्या बाबांना मी नेहमी दुसऱ्यांना झेंडी दाखवताना पाहिलं होतं, असं कोणापुढे उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मोझेसकाकांनी खाकरून विचारलं, "काढून नेणारी मिल्का आहे हे तुला माहीत असतं, तर तू ते बोलला असतास का?"

'नाही' म्हटलं की संपत होतं. सगळे त्या एका शब्दासाठी इतक्या लांब आले होते. बाबांनी ओठ हलवले.

"काय? मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही!" काका ओरडले.

"बोललो असतो," बाबा मोठ्याने म्हणाले. "माहीत असतं तर याहून वाईट बोललो असतो."

आईने डबा खाली ठेवला. रुबेन जमिनीकडे बघायला लागला. मला बाबांचा त्या क्षणी तिरस्कार वाटला, एवढं एक खोटं बोलता येत नाही यांना! काकांनाही काय करावं सुचेना. ज्याला पश्चात्ताप नाही त्याचा शब्द सोडवायचा कसा? "बोललास ते बोललास, पण आता..." असं काहीतरी ते म्हणू लागले, तोच खाटेवरून आत्या बोलली.

"मग बोल ना, दादा. मी समोर आहे. याहून वाईट काय बोलला असतास ते आता बोल. वाचताना घेतोस तसा आवाज खाली घ्यायचा नाही, मोठ्यानं."

"मिल्का, पडून राहा," सर म्हणाले.

"ऱ्हाऊ दे तिला," म्हातारी उंबऱ्यावरून म्हणाली. "बोलू द्या त्या पाव्हन्याला. पोटात ठिवल्यालं भायेर पडू द्या."

बाबा खाटेजवळ गेले. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, खरंच सांगते, त्यांना राग होता. त्यांनी श्वास घेतला, "तू..." म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "तू मला न सांगता..." आणि पुढे काही निघेना. तोंड उघडं होतं, गळ्याची शीर ताठ झाली होती, आणि शब्द नव्हता. आत्या त्यांच्याकडे न हलता बघत होती. मग बाबा मटकन खाटेच्या कडेवर बसले आणि वाकून रडायला लागले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. आत्याने माझा हात सोडला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला.

ऐकू न येणाऱ्या माणसाला डोळ्यांनी जास्त दिसत असावं. मोझेसकाका खुर्चीवरून पुढे झुकले. "मी प्रश्नच चुकीचा विचारला," ते म्हणाले. "आता नीट विचारतो. त्या वेळी ती दारात तुझ्यासमोर उभी असती, तर तिच्या तोंडाकडे बघून तू बोलला असतास का?"

"नाही," बाबा म्हणाले. मग स्वतःहूनच मोठ्याने, "नाही, बोलता आलं नसतं."

"मग सुटलं," काका म्हणाले. तिघांनी एकदम तीन वेळा म्हटलं, "मोकळं आहे, मोकळं आहे, मोकळं आहे." तेवढाच विधी. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल, दिवा वगैरे लावतील. उंबऱ्यावरच्या म्हातारीने मात्र तिन्ही वेळा हात जोडले आणि मग, "च्या टाकते," म्हणून उठली.

चहा पिताना आईने आत्याला विचारलंच, न्यायचा होता तर मेझुझाच का? आत्या म्हणाली, "निघताना काय घेऊ कळेना, वहिनी. ताटवाटी तुमची, खाट रेल्वेची. आणि नव्या घराच्या दाराला काही नसेल तर मला झोप लागणार नाही असं वाटलं. दादाची झोप जाईल हे नाही सुचलं." निघताना बाबा दाराशी थांबले, मेझुझाला बोट लावलं तर तो हलला. "स्क्रू ढिला आहे," ते सरांना म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर आहे का?" सरांनी आणून दिला. बाबांनी दोन्ही स्क्रू घट्ट बसवले, पुन्हा हलवून पाहिलं आणि मग जीपमध्ये बसले. पुढच्या आठवड्यात आमच्या दाराला पुण्याहून आणलेला नवा आला.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला फार आवडलं असतं. आत्या सातव्यात बाळंत झाली. मुलगी होती, संध्याकाळपर्यंत जगली. सरांनी स्टेशनात फोन करून निरोप ठेवला आणि बाबा ड्यूटीवरून परत आल्यावर आईने तो सांगितला. बाबांनी पेटी खाली ठेवली नाही, तशीच हातात धरून ते आतबाहेर करत राहिले. नंतर ते जेवत, ड्यूटीवर जात, पण बोलणं बंद. प्रार्थनाही मनात. जे तोंडून निघतं त्याची त्यांना दहशत बसली होती. सुटलं म्हटलेलं सुटलं नव्हतं, असंच त्यांनी धरलं होतं, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

महिन्याभराने आत्या दौंडला आली. मूल तिचं गेलं होतं, आणि समजूत काढायला तीच आली. दारातल्या नव्या मेझुझाला बोटं लावून आत शिरली, बाबांच्या समोर बसली आणि म्हणाली, "दादा, तुझा शब्द त्या दिवशी सुटला, मी तिथे होते. हे झालं ते माझ्या शरीराचं. ते तुझ्याकडे घेऊ नकोस. तेवढं तरी माझं मला राहू दे."

ती आठवडाभर राहिली, मी पुन्हा तिच्या बाजूला झोपले. बाबा तिच्याशी हळूहळू बोलायला लागले, आधी मिठाबद्दल, मग गाड्यांबद्दल. पुढे दोघांचं जाणं-येणं सुरू झालं. तिला मूल झालं नाही. मी आज त्या दोघांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि शब्दात खरंच तेवढं बळ असतं का हे मला अजून सांगता येत नाही. कधी वाटतं नसावं. मग वाटतं, शापात नसेल तर त्या तीन माणसांच्या 'मोकळं आहे' मध्येही नव्हतं, आणि ते मला सोडवत नाही.

शुक्रवारी दिवे लागल्यावर आमच्यात बाप लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हणतो. बाबा आधी माझ्या डोक्यावर ठेवत, मग माझ्या धाकट्या भावाच्या, दानियलच्या. त्या वर्षानंतर ते आणखी एकदा हात धरायला लागले. टेबलाच्या कडेला, रिकाम्या जागेवर, पाळण्याच्या उंचीवर. ओठ हलायचे, आवाज नसायचा. आई दुसरीकडे बघायची, आम्हीही. वर्षं गेली तरी हात त्याच उंचीवर असायचा. आत्या सहसा रविवारी यायची, त्यामुळे तिला हे ठाऊक नव्हतं. एका शुक्रवारी मात्र ती आणि सर मुक्कामाला होते. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दानियलच्या ठेवला, आणि मग सवयीने तो बाजूला, खाली गेला. आत्या बघत राहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण ती रडली नाही.

"दादा," ती म्हणाली, "हात जरा वर घे. आता ती शाळेत जायला लागली असती."

बाबांनी हात वर घेतला.